व्यसनग्रस्तांसाठी किशोरवयीन मुलांचा निधी : हेतू, मार्ग आणि पथ्ये

अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर आधी मोझरी लागते व पुढे तिवसा. मोझरी येथे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली गुरुकुंज आश्रम स्थापन केला आणि खंजिरीच्या तालावर गायिलेल्या भजनांतून गावोगाव व्यसनांविरुद्ध जागृती केली. तालुक्याच्या कडेने वर्धा नदी वाहते. नदीपलीकडच्या वर्धा जिल्ह्यात १९७०च्या दशकापासून दारूबंदी आहे. अलीकडे, आपल्या बाजूस, परवान्याची दुकाने आहेत. एका काठावर जी वस्तू विकणे गुन्हा, तीच दुसऱ्या काठावर पावतीसह मिळते. परंतु ज्याला दारूवाचून दिवस काढता येत नाही, त्याच्या घरचे दुःख दोन्ही काठांवर सारखेच आहे. दुकान बंद करणे हे कायद्याचे काम होय. आजारी माणसाला बरे करणे हे काम त्यानंतरही उरतेच.

आपल्या धर्मग्रामांतील मुले उपवासकाळात व नाताळात निरनिराळ्या कामांसाठी निधी गोळा करतात. अनाथालय, वृद्धाश्रम, पूरग्रस्त ह्यांच्यासाठी मागितले तर कोणी नाही म्हणत नाही. व्यसनग्रस्तांसाठी म्हटले की मात्र मोठी माणसे विचारतात, ‘दारुड्याला पैसे कशाला? तेही पिऊन टाकील.’ ही शंका खोटी नाही. तिचे समाधान करता येईल अशा रीतीने निधी कसा उभारावा व कसा खर्च करावा, ह्याची माहिती एकत्र मिळावी म्हणून हा लेख आम्ही देत आहोत.

आमचे म्हणणे थोडक्यात असे : मुलांचा पैसा व्यसनी माणसाच्या हातात द्यावयाचा नाही, तो त्याच्या उपचाराचा मार्ग मोकळा करण्यासाठी वापरावयाचा आहे. दयाळू शोमरोन्याचा दाखला आठवावा. त्याने दोन नाणी जखमी माणसाच्या मुठीत ठेवली नाहीत, ती उतारशाळेच्या मालकाला दिली. आणि परत येईन तेव्हा उरलेला खर्च भागवीन, असेही सांगितले. पैसा योग्य ठिकाणी देणे व पुन्हा चौकशीला येणे, ह्या दोन्ही गोष्टी त्या दाखल्यात आहेत.

व्यसन हा आजार आहे

दारू, तंबाखू, गांजा, ब्राऊन शुगर ह्यांपैकी कशाचेही अवलंबित्व हा वैद्यकशास्त्राने मान्य केलेला आजार आहे. केवळ इच्छाशक्ती कमी पडली म्हणून माणूस पितो, असे समजणे अपुरे आहे. मेंदूची सवय बदललेली असते. पदार्थ मिळाला नाही तर शरीर बंड करते. अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू सोडली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरणे, घाम सुटणे, फिट येणे, भ्रम होणे असे प्रकार घडू शकतात व क्वचित प्राणावरही बेतते. म्हणून अशा माणसाला खोलीत कोंडून ठेवणे हा उपाय नव्हे. दारू थांबविण्याचा पहिला आठवडा डॉक्टरांच्या देखरेखीखालीच जावयास हवा.

उपचार घेऊनही काही जण पुन्हा पिऊ लागतात. मधुमेहाच्या रोग्याची साखर पुन्हा वाढली म्हणून आपण त्याला औषध देणे थांबवीत नाही. तसेच येथेही समजावे.

आपल्या देशात ह्या आजाराचा आवाका किती आहे, ह्याची पाहणी केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालानुसार सुमारे ५.७ कोटी भारतीयांना दारूच्या समस्येसाठी मदतीची गरज होती. दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी केवळ एकालाच काही ना काही उपचार मिळाले होते, आणि रुग्णालयात राहून उपचार घेतलेला माणूस १८० मध्ये एक होता. म्हणजे बहुसंख्य लोक उपचाराच्या दारापर्यंत पोहोचतच नाहीत. मुलांच्या निधीला जे काम करावयाचे आहे ते नेमके ह्या दाराबाहेरचे आहे.

वऱ्हाडातील एक मूल

संत गाडगे महाराजांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. त्यांचे पाळण्यातले नाव डेबूजी. वडील झिंगराजी दारूच्या आहारी गेले व त्यातच वारले, तेव्हा डेबूजी जेमतेम आठ वर्षांचा होता. आई सखुबाई त्याला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे आली. मामाच्या गुरांमागे व शेतात त्याचे बालपण गेले. पुढे स्वतःच्या मुलीच्या बारशाला त्यांनी जातीच्या रूढीप्रमाणे दारू व मटण न देता गोडाचे जेवण घातले, ही हकिकत आपल्याकडे सर्वश्रुत आहे. कीर्तनातून ते अखेरपर्यंत लोकांना कर्ज, पशुबळी व दारू ह्यांपासून परावृत्त करीत राहिले. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर त्यांचे निधन झाले.

गाडगेबाबांनी लोकांकडून मिळालेल्या पैशांतून पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या केल्या. स्वतः मात्र फुटके मडके व चिंध्यांचे वस्त्र एवढ्यावरच राहिले. निधी गोळा करणाऱ्या प्रत्येक मुलाने त्यांच्याकडून दोन गोष्टी घ्याव्यात. व्यसनाने घर मोडलेले मूलही पुढे इतरांचा आधार होऊ शकते, ही एक. लोकांच्या पैशाला स्वतःच्या पैशात मिसळू द्यावयाचे नाही, ही दुसरी.

महाराष्ट्रातील दोन संस्था

फादर ज्यो परेरा ह्यांनी १९८१ साली मुंबईत वांद्रे येथील माउंट कार्मेल चर्चच्या आवारात ‘कृपा फाउंडेशन’चे काम सुरू केले. योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार ह्यांचे शिष्य असलेल्या ह्या धर्मगुरूंनी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बारा पायऱ्यांना योगासनांची जोड दिली. पुढे देशाच्या अनेक भागांत कृपाची केंद्रे निघाली. २००९ साली फादर ज्यो ह्यांना पद्मश्री देण्यात आली.

पुण्याच्या ‘मुक्तांगण’ची कथा निधीच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. १९८०च्या दशकात पुण्या-मुंबईतील कोवळी मुले ‘गर्द’च्या, म्हणजे ब्राऊन शुगरच्या विळख्यात सापडू लागली. अनिल अवचट ह्यांनी ह्या विषयावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. व सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले व त्यांनी केंद्रासाठी एक लाख रुपयांची देणगी देऊ केली. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट ह्यांनी जबाबदारी घेतली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. येथील निवासी उपचार सुमारे पाच आठवड्यांचा असतो आणि कुटुंबाशी बोलणे हा त्याचा भाग मानला जातो.

दोन्ही संस्थांचा क्रम सारखाच होता. आधी कोणीतरी दुःख नीट पाहिले, मग जाणकार माणूस जबाबदारीने उभा राहिला, आणि मग पैसा आला व कामी लागला. मुलांच्या उपक्रमातही हाच क्रम असावा.

पैसा नेमका कोठे कमी पडतो

शासकीय रुग्णालयात उपचार अल्प खर्चात मिळू शकतात. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभांना फी नाही. मग निधी कशासाठी? तिवस्याच्या परिसरातील एखाद्या शेतमजुराचे घर डोळ्यांपुढे आणावे. तो महिनाभर केंद्रात राहिला तर मजुरी बुडते. घरी किराणा कोण भरील? पत्नीला भेटीच्या दिवशी शहरात जावयाचे तर तिचीही मजुरी बुडते व एसटीचे भाडे लागते. सुटून आल्यावर दर पंधरवड्याला तपासणीस बोलाविले जाते. दोनदा जाऊन होते, तिसऱ्यांदा भाड्याला पैसे नसतात, आणि तेथेच सारे ओंफस होते. उपचार फुकट असला तरी उपचाराला जाणे फुकट नसते. म्हणून निधीचा खर्च पुढील बाबींवर करावा, असे आम्ही सुचवितो.

१. उपचाराच्या काळात घरासाठी धान्य, तेल, मीठ, डाळ. हा शिधा दुकानदाराला परस्पर पैसे देऊन घ्यावा.

२. रुग्ण व सोबतच्या नातेवाइकाचे प्रवासभाडे. विशेषतः घरी परतल्यानंतरच्या पहिल्या वर्षातील तपासण्यांचे.

३. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे. पैसे औषधांच्या दुकानात भरावेत व पावती घ्यावी.

४. त्या घरातील मुलांच्या वह्या, पुस्तके, परीक्षेची फी.

एका गोष्टीवर मात्र कधीही खर्च करू नये. ‘रुग्णाला नकळत चहातून द्या, दारू सुटेल’ अशा जाहिराती आपण पाहतो. अशा पुड्यांत काय असते हे कळण्यास मार्ग नसतो. दारू नकोशी करणारे डायसल्फिरामसारखे औषध माहिती न देता दिले आणि त्यावर माणूस प्यायला, तर उलट्या होतात, रक्तदाब एकदम खाली येतो व जीवही जाऊ शकतो. असे औषध रुग्णाच्या संमतीने व डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावयाचे असते.

आणखी एक माहिती पुष्कळांना नसते. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेली संघटना बाहेरच्या कोणाचीही देणगी स्वीकारीत नाही. सभासद आपला खर्च आपणच भागवितात. तेव्हा तिच्या गटाला धनादेश देऊ नये. सभेसाठी शाळेचा अथवा धर्मग्रामाचा एखादा वर्ग उपलब्ध करून देता आला, तर ती मदत मोलाची ठरते.

निधी उभारण्याचे मार्ग

मुलांनी दारोदार जाऊन गोळा करणे विदर्भाला नवे नाही. तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल सजवून घरोघर नेतात व बोजारा मिळवितात. भुलाबाईची गाणी म्हणणाऱ्या मुलींना खिरापत मिळते. आपल्या घरांतील मुले नाताळगीते गात फिरतात. जगभरच्या ख्रिस्तसभेतही अशी उदाहरणे आहेत. फ्रान्समधील नान्सीचे बिशप शार्ल द फोर्बें-जान्सों ह्यांनी १८४३ साली मुलांसाठी मिशनकार्य सुरू केले. त्यात प्रत्येक मुलाने महिन्याला एक नाणे व दिवसाला पवित्र मरियेची एक प्रार्थना द्यावी, एवढेच मागणे होते. नाणे लहान असावे, पण ते मुलाचे स्वतःचे असावे, हा त्यातील विचार होय.

म्हणून सर्वांत चांगला मार्ग आम्हाला उपवासकाळातील बचतीचा वाटतो. समजा, २० मुलांनी सहा आठवडे दर आठवड्याला १० रुपये बाजूला ठेवले, तर १,२०० रुपये होतात. रक्कम मोठी नाही. पण एका माणसाच्या कित्येक तपासण्यांचे एसटीभाडे तीत निघते. शिवाय कुरकुऱ्यांचे पाकीट किंवा मोबाईलचा जादा डेटा सोडताना मन किती ओढ घेते, हे मुलांना स्वतः कळते आणि सोडणे किती अवघड असते ह्याची थोडी कल्पना येते.

ह्याखेरीज घरोघरची रद्दी गोळा करून विकणे, शाळेत किंवा चर्चच्या आवारात आनंदमेळा भरविणे, संत्र्याच्या हंगामात सरबताचा गाडा लावणे, नाताळासाठी कागदी चांदण्या करून विकणे, छोटे नाटक बसविणे असे मार्ग आहेत. खर्रा, गुटखा किंवा दारू विकणाऱ्याची देणगी वा जाहिरात मात्र घेऊ नये. ज्या समारंभात वडीलधारे पिऊन येतील तेथे मुलांना डबा घेऊन पाठवू नये.

पथ्ये व कायदा

*मोठ्यांची जबाबदारी.* पैशाचा ताबा व खर्चाचा निर्णय मुलांच्या एकट्याच्या अंगावर टाकू नये. धर्मगुरू, एक शिक्षिका, एक डॉक्टर किंवा परिचारिका व दोन पालक अशी छोटी समिती असावी. मुलांचे प्रतिनिधी तिच्यात बसावेत व त्यांना बोलू द्यावे.

*पावती व हिशेब.* सार्वजनिक वर्गणीला महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचे नियम लागू आहेत. गणेशोत्सव मंडळेही त्यासाठी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी घेतात. तेव्हा नोंदणीकृत न्यासाच्या पावतीपुस्तकावरच रक्कम घ्यावी. डबा दोघांच्या समोर उघडावा, मोजणी त्याच दिवशी वहीत लिहावी. एकूण जमा व खर्च फलकावर लावावा. लाभ घेणाऱ्याचे नाव लावू नये. परदेशातील नातेवाइकांनी देणगी देऊ केली, तर परदेशी पैशासाठी वेगळी सरकारी नोंदणी लागते, हे ध्यानात ठेवावे.

*प्रतिष्ठा.* उपचार घेणाऱ्याचे छायाचित्र, नाव, गाव, आडनाव कोठेही येऊ नये. लहान गावात ‘अमुक आळीतील एक गृहस्थ’ एवढे म्हटले तरी ओळख पटते. धान्य देतानाचे फोटो काढू नयेत. त्याची मुलगी तुमच्याच वर्गात असेल.

*अट नको.* तिवसा परिसरात आपला समाज संख्येने थोडा आहे; मदत लागणारी बहुतेक घरे इतर धर्मांतील शेजाऱ्यांची असतील. मदतीसोबत प्रार्थनेला येण्याची किंवा अन्य कोणतीही धार्मिक अट घालू नये. गुरुदेव सेवा मंडळाचे कार्यकर्ते, गावातील बचतगटाच्या महिला ह्यांच्याशी बोलून काम करावे.

*केंद्राची निवड.* मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ह्या कायद्यात दारू व अमली पदार्थांमुळे येणाऱ्या अवस्थांचा समावेश आहे आणि रुग्णाला साखळदंडाने बांधण्यास त्याने मनाई केली आहे. जेथे मारहाण होते, कुटुंबाला भेटू देत नाहीत किंवा डॉक्टर नसतो, तेथे एक रुपयाही देऊ नये.

*मुलांचे संरक्षण.* बाल न्याय कायदा, २०१५ नुसार अठरा वर्षांखालील मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मुलाकडून दारू विकून घेणे किंवा ती वाहून नेण्यास लावणे ह्यालाही तशीच शिक्षा आहे. ‘जा रे, कोपऱ्यावरून बाटली घेऊन ये,’ असे मुलाला सांगणे किती गंभीर आहे, हे पालकांनी समजून घ्यावे.

ज्याच्या स्वतःच्याच घरी व्यसन आहे

हा परिच्छेद आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला आहे. निधी गोळा करणाऱ्या गटात एखादा मुलगा किंवा मुलगी अशी असू शकते की, जिच्या स्वतःच्या घरात रात्री भांडी आदळतात. ती सर्वांत जास्त धावपळ करील व सर्वांत कमी बोलेल. आपण पुरेसे पैसे जमविले तर बाबा बरे होतील, असे तिला मनात वाटत असेल. हे ओझे तिच्या खांद्यावरून उतरविणे हे समितीचे पहिले काम आहे. वडिलांचे व्यसन मुलांमुळे लागलेले नसते. ते सोडविणे मुलांच्या हातात नसते. आणि त्यांनी पुन्हा पिणे सुरू केले, तर तो मुलांचा किंवा निधीचा पराभव नव्हे. हे तीन मुद्दे प्रत्येक बैठकीत, कोणाचेही नाव न घेता, सांगितले जावेत.

व्यसनी व्यक्तींच्या किशोरवयीन मुलांसाठी ‘अलाटीन’ हे गट १९५७ साली कॅलिफोर्नियातील एका सतरा वर्षांच्या मुलाने सुरू केले. आपल्यासारखे दुसरेही कोणी आहे, एवढे कळल्यानेच अशा मुलांचा जीव हलका होतो. आपल्या धर्मग्रामात असा गट नसला, तरी विश्वासाने ऐकून घेणारी एक धर्मभगिनी किंवा शिक्षिका असू शकते. घरात मारहाण होत असेल, तर मात्र गुप्ततेच्या नावाखाली गप्प बसू नये. १०९८ ह्या क्रमांकावर मुलांसाठी मदत मिळते. व्यसनमुक्तीबाबत मार्गदर्शनासाठी १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन व मानसिक ताणासाठी १४४१६ ही टेलिमानस सेवा आहे. तिन्ही क्रमांक निःशुल्क आहेत व ते पावतीपुस्तकाच्या मागील बाजूस छापून घ्यावेत, म्हणजे वर्गणी न देणाऱ्या घरातही निदान एवढे पोहोचेल.

समारोप

‘तेही पिऊन टाकील,’ ह्या शंकेला आता उत्तर देता येते. धान्य दुकानदाराकडून घरी गेले, औषधाचे पैसे औषधवाल्याला मिळाले, एसटीचे तिकीट सोबत्याने काढले, तर पिण्यासाठी हातात काही उरत नाही. उपचार चालू ठेवण्यास लागणारे मात्र सारे मिळते. आणि तो माणूस घरी परतला की मुलांनी महिन्यातून एकदा त्या घरी जावे. उपदेश करू नये, बाटलीचा विषय काढू नये. पाणी पिऊन, अभ्यासाच्या चार गोष्टी बोलून परत यावे. शोमरोनीही परत येतो असे म्हणाला होता. ज्या माणसाकडे गाव पाठ फिरवून बसले आहे, त्याच्या दाराशी कोणीतरी पुन्हा आले, हे त्याला कळले पाहिजे.

येत्या उपवासकाळात ज्या धर्मग्रामांतील मुले हे काम हाती घेतील, त्यांना परमेश्वर धीर व चिकाटी देवो. मोठ्यांनी त्यांच्या डब्यात नाणे टाकताना स्वतःच्या खिशातील खर्र्याची पुडीही एकदा चाचपून पाहावी, ही नम्र विनंती.